नोट कुणाची, सही कुणाची

कुडाळहून आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणारी मुलगी 32 वर्षांची. रत्नागिरीत कम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि गेली नऊ वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत बँकांसाठी कर्जाचं सॉफ्टवेअर बनवते. 2020 च्या लॉकडाऊनला कुडाळला आली, ती तिथूनच काम करतेय. तिची मुलगी तीन वर्षांची. नवऱ्याचा एमआयडीसीत काजूचा कारखाना, त्यामुळे त्याला गाव सोडता येत नाही. आता कंपनी तिला 22 जणांच्या टीमची मॅनेजर करायला तयार आहे. पहिले सहा महिने पुण्यात राहायचं, मग महिन्यातून एक आठवडा. सासूबाई म्हणाल्या, "जा गो, मी आसंय." तिने मला तीन गोष्टी विचारल्यात. हे पद घ्यावं का? कोकणात राहून बाईला मॅनेजरच्या वर जाता येतं का? आणि त्यासाठी एमबीए करावं लागेल का?

मी 32 वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी तंत्रज्ञान आणि जोखीम या खात्यांत. 2022 मध्ये निवृत्त झाले.

अगं, पद घे. फक्त कंपनीने पुढे केलंय तसंच्या तसं घेऊ नकोस. पुण्यात किती दिवस राहायचं याच्या विचारात तू अडकलीयस, तुझ्या पत्रातल्या बारापैकी नऊ ओळी त्यावरच आहेत. मला त्याच्याआधी एक विचारायचंय: या पदावर सही कशाकशावर तुझी असेल? ते तू लिहिलेलंच नाहीस. बहुतेक विचारलंही नसशील.

हे मी का विचारते ते सांगते. मी 1990 मध्ये अधिकारी म्हणून लागले आणि दुसरं पोस्टिंग मालवण तालुक्यातल्या एका शाखेत मिळालं. कामं म्हणजे आंब्याच्या बागा, सोनेतारण आणि मच्छीमारांची बोट-इंजिनांची कर्जं. कर्जाचा अर्ज आला की जागेवर जाऊन बघायचं, कागद तपासायचे आणि प्रोसेस नोट, म्हणजे कर्ज द्यावं का याची टिपणी, लिहायची, हे माझं काम. मंजुरीची सही मॅनेजर साहेबांची. बोटींच्या कर्जांची वसुली वाईट होती. दर वर्षी गणपतीच्या सुमाराला तीच तीच खाती थकलेली दिसायची आणि "हे लोक पैसे बुडवतात" असं शाखेत बोललं जायचं. एका जूनमध्ये मी किनाऱ्यावर गेले. बोटी वर ओढून ठेवलेल्या, झापांनी शाकारलेल्या. इंजिन काढून घरात नेलेलं. एक नाखवा पडवीत बसून जाळं विणत होता. त्याला मी विचारलं, या दोन महिन्यांत घरात पैसा कुठून येतो? तो म्हणाला, येत नाही, उलट जातो. जाळ्याचा दोरा, रंग, इंजिनाची दुरुस्ती, खलाशांना द्यायची उचल, सगळा खर्च पावसातच. आणि आमच्या बँकेचा हप्ता मात्र बारा महिने सारखा, जूनमध्येही आणि जुलैमध्येही.

परत येऊन मी पुढच्या प्रत्येक नोटमध्ये हप्ते बदलले. जून-जुलै कोरे, नारळी पौर्णिमेनंतर लहान हप्ते, ऑक्टोबरपासून मोठे. दोन वर्षांत थकबाकी निम्म्याच्या खाली आली. विभागीय कार्यालयातून शाखेला कौतुकाचं पत्र आलं. ते मॅनेजर साहेबांच्या नावाने. साहेब वाईट नव्हते, त्यांनी ते पत्र मला दाखवलं, शाखेत पेढेही वाटले. पुढच्या वर्षी मी बढतीच्या मुलाखतीला बसले. समोरच्यांनी पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही स्वतः किती कर्जं मंजूर केलीत?" एकही नाही. सव्वाशेच्या वर नोट माझ्या हस्ताक्षरात होत्या, पण मंजुरीच्या रजिस्टरमध्ये माझं नाव कुठेच नव्हतं. त्या वर्षी बढती मिळाली नाही.

मी खूप रडले, मग रजिस्टर काढून नीट पाहिलं. साहेब रजेवर गेले की शाखेचा चार्ज माझ्यापेक्षा तीन वर्षं मागच्या मुलाकडे जायचा. का, तर "मॅडमना संध्याकाळची साडेपाचची एसटी गाठायची असते." हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, माझ्या वतीने ठरवून टाकलं होतं. मी लेखी अर्ज दिला: यापुढे तुम्ही रजेवर असाल तेव्हा चार्ज मला द्यावा, एसटीची सोय मी बघेन. आणि पहिली संधी कुठली मागितली, तर गणपती. कोकणात गणपतीला ड्युटीवर राहायला कोण तयार असतं? मुंबईहून चाकरमानी येतात, शाखेत ही गर्दी, आणि अर्धा स्टाफ रजेवर. घरच्या गणपतीला मी त्या वर्षी फक्त विसर्जनाला पोचले. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला होता.

त्या अकरा दिवसांतला दुसरा की तिसरा दिवस. एक म्हातारे गृहस्थ केबिनच्या दारात उभे राहिले. "बाय, सायब खंय आसत?" म्हटलं, "साहेब रजेवर आहेत, मीच बघतेय, बसा." ते बसले नाहीत. पुन्हा काउंटरवर जाऊन कॅशियरला विचारून आले, मग बसले. मुलाच्या गाडीच्या तिकिटाला आणि सणाच्या खर्चाला बायकोच्या पाटल्या ठेवून 15,000 रुपये हवे होते. सराफाने वजन करून दिलं, मी अर्ज वाचला आणि "मंजूर" लिहून खाली सही केली. इतक्या वर्षांत कोटींच्या फायलींवर सह्या केल्या असतील, पण त्या पंधरा हजारांच्या सहीला हात थरथरला होता. कर्ज बुडालं तर आता विचारणा मला होणार होती. ती जबाबदारी अंगावर आली आणि त्या दिवसापासून मी कागद वेगळ्या डोळ्याने वाचायला लागले.

पुढच्या मुलाखतीत मी आकडे सांगितले. इतकी मंजूर केली, इतकी वसूल झाली, एक चुकलं आणि ते का चुकलं. बढती मिळाली.

तुझ्या क्षेत्रात शब्द वेगळे, पण दुखणं हेच. 2005 च्या सुमाराला आमच्याकडे शाखा कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्या शाखांच्या एकाच कम्प्युटर सिस्टीमवर, न्यायचं काम चालू होतं. मी त्या टीममध्ये होते. जुन्या लेजरची शिल्लक आणि नव्या सिस्टीममधली शिल्लक जुळवायची, वर्षानुवर्षं न हललेली खाती शोधायची, एकाच माणसाची तीन नावांनी असलेली खाती एकत्र करायची. शनिवारी रात्री सुरू झालेलं काम सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आत संपायला हवं. या टीममध्ये आम्ही सात बायका होतो. सातहीजणी तपासणीला, जुळवणीला, कागदपत्रं लिहायला. "शाखा सुरू करा" हा निर्णय देणाऱ्या तिघांत एकही बाई नाही. आणि बैठक असली की, "मिनिट्स तुम्ही लिहा ना, तुमचं छान असतं." मी तिसऱ्या बैठकीनंतर मिनिट्स लिहायला आळीपाळीची यादी करून दिली, माझं नाव शेवटी टाकून. कुणी काही बोललं नाही. आजही प्रत्येक टीममध्ये हेच पाहते. सर्वांत विश्वासू बाईकडे टेस्टिंग, समन्वय, नव्यांना शिकवणं, ग्राहकाचा राग शांत करणं ही सगळी कामं येतात. ती गरजेची आहेत, पण मूल्यमापनाच्या वेळी त्यांना आकडा नसतो.

म्हणून कंपनीला तीन गोष्टी विचार. रिलीज प्रॉडक्शनला सोडायचं, म्हणजे नवं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणायचं, की थांबवायचं, हा शेवटचा शब्द कुणाचा? टीमचं बजेट, म्हणजे पगार, क्लाउडचं बिल, बाहेरून घेतलेली माणसं, हे तुझ्या नावावर असणार की तुझ्या वरच्याच्या? आणि 22 जणांचं मूल्यमापन तू लिहिणार की तू फक्त "माहिती देणार"? तिन्हींवर तुझं नाव असेल तर सहा महिने पुण्यात राहणं सार्थकी लागेल. एकावरही नसेल, तर ती 22 जणांची हजेरी ठेवायची नोकरी आहे आणि तिच्यासाठी तीन वर्षांच्या मुलीला सोडून जाऊ नकोस. दोन असतील तर तिसऱ्याची तारीख मागून घे.

एमबीएचं उत्तर छोटं आहे. नको. निदान आत्ता नको. दोन वर्षं आणि एवढे पैसे घालण्याआधी तुझ्या हातातलं काम पैशाच्या बाजूने शिकून घे. तुझ्याच सॉफ्टवेअरचं उदाहरण देते. कर्जाचा हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं, हे तुला पाठ आहे, त्याचं लॉजिक तूच लिहिलं असशील. हे वर्गीकरण माणसाने हाताने न करता सिस्टीमनेच करावं असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2020 चा आदेश आहे, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी स्पष्ट केलं की ते दिवसअखेरच्या प्रक्रियेत, त्या त्या तारखेला व्हायला हवं. आता पुढे जा. खातं एनपीए झालं की त्यावरचं न मिळालेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही. तारण असलेलं कर्ज पहिल्या वर्षी सबस्टँडर्ड, म्हणजे कमी दर्जाचं, म्हणून राहतं, त्यावर 15 टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम संभाव्य तोट्यासाठी बाजूला काढावी लागते. तरतूद नफ्यातून जाते. नफा घटला की भांडवलाचं प्रमाण हलतं. म्हणजे तुझ्या कोडमध्ये तारीख मोजण्यात एक दिवसाची चूक असली, तर ती मार्चअखेरीला बँकेच्या ताळेबंदात जाऊन बसते. ही साखळी ज्या इंजिनिअरला शेवटपर्यंत सांगता येते, तिला बँकेचा फायनान्स प्रमुख स्वतः फोन करतो. मी केलेत असे फोन.

हे शिकायला तुझ्या ग्राहक बँकांचे मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उघड. सगळ्यांच्या संकेतस्थळांवर असतात. सुरुवातीचे फोटो आणि भाषणं सोडून दे, मागच्या परिशिष्टांपासून वाच, हिशेबाच्या टिपा वाच. पहिला अहवाल डोक्यावरून जाईल, तिसरा कळायला लागेल. परीक्षाच द्यायची असेल तर सिसा दे, माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाची. बँका, ऑडिट फर्म सगळीकडे चालते. बँकेत नोकरी करणाऱ्या मुली हे वाचत असतील त्यांनी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा पहिल्या पाच वर्षांत संपवाव्यात. मुलं लहान असताना ती पुस्तकं उघडायचं त्राण राहत नाही, मी दोन पेपर बाळाला मांडीवर घेऊन दिलेत आणि त्यातला एक दोनदा दिलाय.

आता वर जाण्याबद्दल. मॅनेजरच्या वर काय असतं हे इकडे मुलींना कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सरकारी बँकेत अधिकाऱ्यांचे मुख्य सात स्केल, म्हणजे श्रेणी. तिसऱ्यापर्यंत बायका बऱ्या प्रमाणात दिसतात. चौथा म्हणजे चीफ मॅनेजर, तिथे गळती लागते, कारण तिथून बदली दूरची होते आणि त्याच वयात मुलांची दहावी-बारावी आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं येतात. अरुंधती भट्टाचार्य 1977 मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि 2013 मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मध्ये 36 वर्षं आहेत. त्यांच्या काळात स्टेट बँकेने बायकांना मुलांच्या किंवा घरच्या वडीलधाऱ्यांच्या काळजीसाठी दोन वर्षांपर्यंतची रजा सुरू केली, नोकरी न सोडता. ते सर्वोच्च पदावर बाई आल्यावर सुचलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि 2017 मध्ये निवृत्त झाल्यावर 2020 मध्ये त्या सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातल्या प्रमुख झाल्या. बँक आणि तंत्रज्ञान यांच्यातली भिंत किती पातळ झालीय ते यावरून बघ.

तुझी वाट मला त्या भिंतीतूनच दिसते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या कारभाराबद्दल एक मोठा निर्देश काढला, 1 एप्रिल 2024 पासून तो लागू आहे. बँकांच्या आणि मोठ्या वित्त कंपन्यांच्या संचालक मंडळाला आयटी स्ट्रॅटेजी कमिटी ठेवावी लागते. तिचं अध्यक्षपद स्वतंत्र, म्हणजे मालक-व्यवस्थापनाशी हितसंबंध नसलेल्या, संचालकाकडे हवं आणि त्या व्यक्तीला माहिती प्रणाली सांभाळण्याचा किंवा तंत्रज्ञानाचे प्रकल्प चालवण्याचा किमान सात वर्षांचा अनुभव हवा. माहिती सुरक्षेचा प्रमुख आयटी प्रमुखाच्या हाताखाली असता कामा नये, हेही त्यात आहे. मी जोखीम खात्यात होते तेव्हा यासाठी भांडावं लागायचं. सुरक्षेचा माणूस आयटीच्या हाताखाली असला की "पुढच्या तिमाहीत बघू" हे उत्तर ठरलेलं असायचं. आता वेगळी खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीला तंत्रज्ञान आणि बँकिंग दोन्ही कळणारं माणूस लागतं. तशी माणसं थोडी आहेत. तू नऊ वर्षं नेमकं त्या सांध्यावर काम केलंयस.

संचालक मंडळांचंही सांगते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना निदान एक महिला संचालक सक्तीची केली. तेव्हा कित्येक ठिकाणी मालकाच्या घरातली बाई त्या खुर्चीत बसवली गेली. मग शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2018 मध्ये नियम बदलला: बाजारमूल्याने पहिल्या 500 कंपन्यांना एप्रिल 2019 पासून आणि पहिल्या 1000 कंपन्यांना एप्रिल 2020 पासून एक तरी महिला संचालक स्वतंत्र हवी, घरातली नव्हे. कायद्याने दार उघडलं, पण आत बोलावतात ती ज्या बाईने कधीतरी नफा-तोटा स्वतःच्या नावावर चालवलाय तिलाच. म्हणून मी बजेटचा इतका हट्ट धरते.

मुंबई-पुण्याची मंडळं तुला आज लांब वाटतील. पण कुडाळ, सावंतवाडी, चिपळूण, रत्नागिरी, इथे पतसंस्था आहेत, सहकारी बँका आहेत. राज्याच्या सहकार कायद्यात संस्थेच्या समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव असतात आणि त्या पुष्कळदा कुणाच्या तरी पत्नीने भरल्या जातात. रिझर्व्ह बँकेने 2019 च्या अखेरीला 100 कोटी किंवा जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना संचालक मंडळाबरोबर व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं, त्यावर जाणकार लोक हवेत. बँकेचं सॉफ्टवेअर आतून माहीत असलेली इंजिनिअर गावात राहते, हे या लोकांना कळू दे. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली, तेव्हा पहिला अर्ज प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून नाकारला गेला होता. त्या बायका शिकून पुन्हा गेल्या. कोकणात तर साक्षर, हिशेबी बायकांची कधीच वाण नव्हती.

यावर थोडं विषयांतर करते, कारण माझं मन तिथे अडकतं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 बायका होत्या, सिंधुदुर्गात 1036. पुरुष मुंबईला. गिरणी, गोदी, हॉटेल, पोलीस. बायकांनी मनीऑर्डरीवर घर, शेती, आजारी माणसं, मुलांच्या शाळा आणि वाण्याची उधारी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. माझी आजी पोस्टमनकडून पैसे घेतानाच त्याचे पाच ढीग करायची. पण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. आणि कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला, महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला, तरी आजही आपल्याकडे कित्येक मुलींची जमिनीच्या कागदावरची पहिली सही हक्कसोड पत्रावर असते. "भावाशी वाईटपणा नको." चहा होतो, फोटो होतो, आणि आंब्याची बाग जाते. ज्या बाईच्या नावावर स्वतःचं काही नाही तिला नोकरीत धोका पत्करणं जड जातं. वरच्याला "नाही" म्हणायला, चांगल्या पण कच्च्या संधीवर उडी घ्यायला पाठीशी काहीतरी लागतं. तुझा पगार कुठल्या खात्यात जमा होतो, गुंतवणूक कुणाच्या नावावर आहे, घराच्या कर्जात तू सहकर्जदार आहेस तर मालकीच्या कागदावरही आहेस का, हे या आठवड्यात बघ. माझ्या खात्यातल्या दोन चीफ मॅनेजर बायकांना, ज्या कोट्यवधींची कर्जं तपासायच्या, स्वतःच्या घराच्या कागदावर आपलं नाव नाही हे नवरा गेल्यावर कळलं.

आणखी एक, आपण केलेलं आपण सांगत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. मी तेव्हा मुख्य कार्यालयात आपत्तीच्या काळातलं कामकाज बघत होते, रात्रभर फोनवर. आमच्या तिथल्या एका शाखेत दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी म्हणून एक मुलगी होती, तीस-एकतीस वर्षांची. आदल्या संध्याकाळी पाऊस थांबेना. शाखेच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती, ती तिने रोज पाहिलेली. मॅनेजर रजेवर. कर्जाचे दस्तऐवज, गहाणखतं, सातबारे, सगळं तळमजल्यावरच्या कपाटांत. किल्ल्या दोघांकडे असतात, तिने दुसऱ्या किल्लीच्या अधिकाऱ्याला घरून बोलावलं, शिपाई आणि सुरक्षारक्षक घेतले आणि रात्री साडेनऊपर्यंत सगळे गठ्ठे वरच्या मजल्यावर चढवले. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या, विभागीय कार्यालयाला मेसेज केला: "परवानगीसाठी फोन लागत नाही, हलवत आहे." पाणी 2005 च्या खुणेच्या वर गेलं. तळमजल्यावरचं फर्निचर, कम्प्युटर, एटीएम सगळं गेलं. एकही दस्तऐवज भिजला नाही. मी नंतर गेले तेव्हा खाली घोटाभर चिखल होता आणि वर पोत्यांवर क्रमाने लावलेले गठ्ठे, प्रत्येकावर खात्यांचे नंबर खडूने लिहिलेले.

पुढच्या वर्षी ती बढतीला बसली. तयारीसाठी तिने मला तिचं स्वमूल्यमापन पाठवलं. त्यात ठेवींची वाढ होती, विम्याच्या पॉलिसी होत्या, पुराबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, ते तर करायलाच हवं होतं ना." अगं, तिथे असलेल्या इतर किती जणांनी केलं? मी तिला तो प्रसंग पहिल्या परिच्छेदात घालायला लावला: काय धोका होता, कुणाला विचारता आलं नाही, मी काय ठरवलं, त्यातून किती रकमेच्या कर्जांचे कागद वाचले. मुलाखतीत वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं तेवढंच विचारलं गेलं. तूही एक वही ठेव. दर शुक्रवारी दोन ओळी: या आठवड्यात मी काय ठरवलं आणि त्याचं काय झालं. मूल्यमापनाच्या आठवड्यात आठवायला बसशील तर फक्त मेहनत आठवेल, निर्णय आठवणार नाहीत.

मुलाखतीत तुला विचारतील, "मुलगी लहान आहे, झेपेल का?" विचारू नये, पण विचारतात. मलाही विचारलं होतं, तिघा पुरुषांनी, आणि माझ्या आधीच्या उमेदवाराला, ज्याला जुळे होते, विचारलं नव्हतं. भावनेने उत्तर देऊ नकोस, व्यवस्थेने दे: घरी कोण आहे, मी कुठले दिवस पुण्यात असेन, कुठले नसेन. एवढं सांगून विषय कामावर आण. आणि कधी एखादं पद खरंच नाकारायची वेळ आली, तर "नाही" म्हणताना तारीख दे. "आत्ता नाही, पुढच्या जूननंतर तयार आहे" असं लेखी. मी एकदा नुसतं "सध्या जमणार नाही" म्हटलं होतं, मुलाची बारावी होती. ते वर्ष संपलं, पण माझ्या नावापुढचा शेरा पुढची चार वर्षं तसाच राहिला.

कुडाळहून काम करण्याची व्यवहारी बाजू तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पावसात वीज जाणार, म्हणून इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, एवढं खर्चात धर आणि ते कंपनीकडून माग. पुण्याला जायचं तर घाट चढून कोल्हापूरमार्गे रात्रीची बस, ती पाठीला जड जाते. म्हणून "महिन्यातून एक आठवडा" हे सरसकट कबूल करू नकोस. बजेट ठरतं तो आठवडा, मूल्यमापनाचा आठवडा, मोठं रिलीज आणि ग्राहक बँकेची बैठक, या वेळी तू तिथे असायलाच हवीस, कारण निर्णय चहाच्या टपरीपर्यंत चालत जाताना होतात. साध्या आठवड्यात नुसतं टेबलावर दिसायला जाण्यात अर्थ नाही. पहिल्या सहा महिन्यांचं म्हणशील तर चार माग आणि मुलीला घेऊन जायची सोय विचार. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते, 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ते आलं. तुझ्या कंपनीत ते आहे का, हे तू विचारलंस तर तुझ्या मागच्या मुलींचंही काम होईल. आणि सासूबाई "मी आसंय" म्हणतात ना, त्यांना तुझ्या मागे मदतीला एक बाई लावून दे, पगार तुझ्या खात्यातून. त्यांचंही वय होतंय.

मॅनेजरला मेल पाठवायचा तो साधारण असा लिही:

"पदाबद्दल आभार. मी ते स्वीकारायला तयार आहे. त्याआधी तीन बाबी लेखी स्पष्ट व्हाव्यात: रिलीज मंजुरीचा अंतिम अधिकार, टीमच्या बजेटची जबाबदारी आणि 22 सदस्यांचं वार्षिक मूल्यमापन. या तिन्ही माझ्याकडे असाव्यात अशी माझी विनंती आहे. पुण्यात चार महिने राहण्याची माझी तयारी आहे, पाळणाघराच्या सोयीबद्दल कळवावं. त्यानंतर वर्षातल्या कुठल्या आठवड्यांत मी पुण्यात असेन त्याचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे."

वेळापत्रक खरंच जोड, तारखांसकट. गणपतीचा आठवडा त्यात आधीच मोकळा ठेव, मागून घ्यावा लागत नाही. शुक्रवारच्या आत पाठव, आणि हवं तर आधी मला दाखव. संध्याकाळी सहानंतर मी रिकामी असते.